कानावरची पेन्सिल

बाबा, तुमची शिसपेन्सिल अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, दोन्ही टोकांना तासलेली, बोटाएवढी उरलेली. खामगावच्या कापसाच्या जिनात तुम्ही फिटर होतात तेव्हा ती कायम तुमच्या उजव्या कानावर असायची. बोल्ट बसवण्याआधी तुम्ही आट्यांवरून तिचं शिसं फिरवायचात, म्हणजे लोखंड लोखंडाला धरत नाही. घरी आल्यावर हातपाय धुवून व्हायचे, चहा व्हायचा, पण पेन्सिल काही उतरायची नाही. आई म्हणायची, हा माणूस झोपेतही ड्युटीवर असतो.

मी तेव्हा ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवत होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. गिटारच्या ब्रिजला, म्हणजे खाली तारा जिथे अडकवतात त्या लोखंडी पट्टीला, एक दांडी होती. दांडी दाबली की सूर थरथरायचा आणि लोक खूश व्हायचे. पण सोडल्यावर तारा मूळ सुरावर परत येत नसत, पुढचं गाणं बेसूर. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की ब्रिजच हलका आहे. मी मुंबईहून भारीतला मागवला आणि तुमच्यापुढे ठेवला.

रविवारची सकाळ. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला आहात, गिटार मांडीवर. शेजारी आमच्या ऑर्केस्ट्रातले दोघे चहा घेताहेत. नवा ब्रिज तुम्ही हातातही घेत नाही. दांडी दाबता, सोडता, कान लावता. मग वरच्या टोकाला, तारा जिथे पांढऱ्या पट्टीच्या खाचांतून खुंट्यांकडे जातात, तिथे बोट ठेवता. "खाली काही नाही बे. तार वर अडकून राह्यली." कानावरची पेन्सिल काढून तुम्ही खाचेत घालणार, तोच मी तुमचा हात धरला.

"बाबा, हे जिनातलं मशीन नाही. काळं करू नका."

ते दोघे हसले. तुम्ही पेन्सिल परत कानावर ठेवलीत आणि दुपारपर्यंत खपून नवा ब्रिज बसवून दिलात. भोकं जुळत नव्हती, ती नव्याने पाडलीत, जुनी होती ती लाकूड ठोकून बुजवलीत.

दुसरबीडच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला तारा उतरल्या. घरी येऊन मी सांगितलं, झकास वाजली. तुम्ही नुसतं "हाव" म्हणालात. महिनाभरात तुम्हाला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात उचलून तुम्ही सारखा उजव्या कानाशी न्यायचात. सगळे म्हणाले, कान दुखत असेल. आई लसणाचं तेल कोमट करायची, मी थेंब सोडायचो. तुम्ही डोळे मिटून मान वळवायचात आणि पुन्हा हात कानाशी. डॉक्टर म्हणाले, कानात काही नाही. तरी आम्ही तेल घालतच राहिलो. दुसरं करण्यासारखं हाती काही नव्हतंच. नवव्या दिवशी तुम्ही गेलात.

पुढे काही वर्षांनी मेहकरला एका म्हाताऱ्या वादकानं माझी गिटार हातात घेतली, खिशातून पेन्सिल काढली आणि वरच्या खाचांत फिरवली. मी त्याचा हात धरला नाही. त्या दिवशी शेवटच्या गाण्यापर्यंत सूर हलला नाही, आणि मला मात्र वाजवणं नकोसं झालं. आताही कुणी विचारतं, ब्रिज बदलून घेऊ का? मी सांगतो, आधी पेन्सिल फिरवून बघा. युक्ती कुणाची, ते विचारलं तर वडिलांची म्हणतो. पुढचं सांगत नाही.

हे पत्र खणातच राहील, पेन्सिलीशेजारी. तेल घालताना तिसऱ्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं, की तुम्ही पेन्सिल मागताय. तुम्ही पडलात तेव्हा कानावरून काढलेली ती माझ्या शर्टाच्या खिशात होती. मी दिली नाही. डाव्या हाताच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत तुम्ही गिटारचंच विचाराल, अशी मला भीती वाटली. कदाचित तुम्हाला नुसतं 'पाणी' एवढंच लिहायचं असेल.