बोहारणीकडचा पंजाबी ड्रेस

१२ जानेवारी १९९९, मंगळवार

पडले. लुनावरून! हडपसरच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरला वाट देताना पदर मागच्या चाकात गेला आणि मी रस्त्यात बसले. बसलेच – पाटावर जेवायला बसावं तशी. दोन्ही गुडघे सोललेत. ट्रॅक्टरवाला उतरून माझा पदर सोडवत होता आणि त्याची बायको वरून सांगत होती, "बाई, येक तर लुगडं सांभाळा न्हाय तर गाडी सांभाळा. दोन्ही न्हाय व्हायचं!"

मांजरी गावच्या शाळेत ऑफिसात लागून महिना होत आला. ह्यांची कंपनी बंद पडल्यापासून पगार आणणारी घरात मीच. चाळिशीत पहिली नोकरी, पहिली लुना, पहिला अपघात. प्रगती आहे.

१३ जानेवारी

ठरवलं. पंजाबी ड्रेस घालायचा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "घाल की. सगळं जग घालतं." मग आवाज खाली आणून – "पण आईला कोण सांगणार?"

कुणीच सांगितलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. सासूबाईंनी हातावर तिळगूळ ठेवला. "घे. गोड बोल. मीही प्रयत्न करते."

१७ जानेवारी, रविवार

नवा ड्रेस ह्या वर्षी तरी शक्य नाही. म्हणून आज बोहारणीला गाठलं. बायडाबाई दर रविवारी आमच्या बिबवेवाडीत येते – जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. मी माझा लग्नातला मोठा डबा पुढे केला आणि म्हटलं, कपडे दे.

"आवं ताई, इसारलात का काय? कापडं तुमी द्यायची, भांडं म्या!"

"ह्या वेळी उलटं."

तिने डबा वाजवून बघितला, झाकण लावून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. शेवटी गाठोडं सोडलं. हसायची थांबत नव्हती. समोरच्या गॅलरीतल्या बायकाही बाहेर आल्या. मी मान खाली घालून निवडत राहिले – मंडईत वांगी निवडावीत तसे ड्रेस.

दोन मिळाले. एक नारिंगी, आरशांचा. माझ्यासारख्या दोघी एकदम मावतील. दुसरा निळा, कुणा कॉलेजकन्येचा. त्यात माझा एक हात जातो, तोही श्वास धरला तर. दोन्ही मिळून एक माणसासारखा ड्रेस व्हायला हवा. व्हायला हवा!

१९ जानेवारी

हे पेपर वाचता वाचता ब्लेडने टाके उसवतात. सुपरवायझर होते ना – अधूनमधून शेरा येतो, "माल चांगला आहे, टीप सुटत नाही." आरसे काढून टाकले. नाहीतर समोरून येणारे ट्रकवाले आंधळे व्हायचे.

सासूबाईंनी विचारलं, "काय चाललंय?"

"उशीची खोळ," हे म्हणाले.

नारिंगी! आमच्या घरात!

२० जानेवारी

कमीज घालून बघितली. गेली. निघेना.

हात वर, डोकं आत, आणि आतून मी ओरडतेय, "ओढा!" ह्यांनी ओढलं. आम्ही दोघंही कॉटवर पडलो. तेवढ्यात सासूबाई दारात. आतून मला त्या दिसत नव्हत्या, आवाज तेवढा आला. "उशी बरीच मोठी दिसते."

गेल्या. दार लावून गेल्या.

२१ जानेवारी

काखेत निळ्याचे तुकडे जोडले.

२४ जानेवारी, रविवार

सलवार. मापं बरोबर घेतली, कापलंही बरोबर. शिवताना मात्र एका पायाच्या दोन्ही कडा दुसऱ्या पायाला जोडल्या. पाय घालायला जागाच नाही! गव्हाचं पोतं म्हणून उत्तम. उसवा. ह्यांनी एक शब्द न बोलता ब्लेड उचललं. ह्या माणसाला बेकारीत इतका शहाणपणा कुठून आला?

२९ जानेवारी, शुक्रवार

घातला. धड नारिंगी, कडेला निळ्या पट्ट्या, ओढणी माझ्या जुन्या साडीची. आरशात बघितलं. बँडवाल्यांच्या पथकातून कुणीतरी वाट चुकलंय असं वाटलं.

सासूबाई देवापाशी होत्या. वळल्या. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि परत देवाकडे तोंड केलं.

पण लुना! दोन्ही पाय मोकळे. पदर नाही, निऱ्या नाहीत. हडपसरच्या चढावर मी चक्क गाणं म्हणत होते. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे आप्पासाहेब फाटकातच उभे. त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग मला. "वेळेत आलात. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

संध्याकाळी घरी आले तर खोलीत सासूबाईंची बॅग. अर्धी भरलेली.

"मी साताऱ्याला जाते. मथुराकडे." मथुरा म्हणजे माझी नणंद. "तिच्याकडे मला निदान काय चाललंय ते कळतं."

३१ जानेवारी, रविवार

दोन दिवस हे आईच्या आणि माझ्या मधे उभे. तिकडे गेले की तिकडचं खरं, इकडे आले की इकडचं. शेवटी म्हणाले, "एक दिवस साडी नेसून बसने बघतेस का जाऊन?" बघते. मीच घर मोडलं असं कुणी म्हणायला नको.

१ फेब्रुवारी, सोमवार

साडी नेसले. पहिली बस थांबली नाही, दुसरी हडपसरला बंद पडली. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना, हजेरी सगळं उरकलेलं. आप्पासाहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. "बाई, तुमच्या जागेसाठी रोज कुणीतरी विचारायला येतं. परत असं नको."

येताना बसमध्ये रडले. शेजारचीने मला खिडकीची जागा दिली. तिला वाटलं, बस लागतेय.

२ फेब्रुवारी

सकाळी ड्रेस घालून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आई, साडी नेसली तर नोकरी जाते. ड्रेस घातला तर तुम्ही जाता. मी काय करू, सांगा."

त्या पोळपाट पुसत होत्या. मग म्हणाल्या, "आता मला विचारतेस? शिवायला बसलीस तेव्हा विचारलंस?"

नव्हतं विचारलं. परवानगी मागायला हवी होती. चुकलंच.

आणि तरी ड्रेसवरच गेले.

४ फेब्रुवारी

खालच्या फळीवरचं रजिस्टर काढायला वाकले – टर्रर्र! सलवारीचं आसन इकडून तिकडे. ऑफिसात चारजण. सगळे एकदम कामाला लागले! इतकं मन लावून काम करताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. दुपारभर खुर्चीवरून उठले नाही, मग ओढणी कमरेला गुंडाळून लुनावर घरी.

दार सासूबाईंनीच उघडलं. ओढणी बघितली.

"फाटलं?"

"हो."

"दे इकडे."

माझी सलवार मांडीवर घेऊन खिडकीत बसल्या. म्हटलं, आता सुनावणार. मला तरी काय, ऐकायचीच तयारी होती. हे पेपर उघडून त्यामागे लपले. पण त्यांनी सुईत दोरा ओवला. हाताने शिवून, दोन्ही बाजूंनी ताणून बघितलं. मग सलवार उलटसुलट फिरवली. नाडी ओढून बघितली. पायाची रुंदी वितीने मोजली.

"ह्यात बसता येतं का? मांडी घालून?"

"येतं की."

"आणि जिने?"

"धावतसुद्धा चढता येतात."

घडी घालून माझ्या हातात दिली. बॅग मात्र कॉटखाली तशीच. भरलेली.

५ फेब्रुवारी

आज फाटलं नाही. नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

७ फेब्रुवारी, रविवार

हे भाजी आणायला बाहेर पडले तशा सासूबाई शिवणाच्या मशीनपाशी आल्या. म्हणाल्या, "मलाही एक शिव. सैल. आणि खिसा ठेव. सगळा जन्म पुण्यात गेला, सिंहगड अजून खालूनच बघितलाय."

माप घेतलं. माझ्याहून चांगल्या उंच आहेत. इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं.