माझ्या लेकरांसाठी स्रवंतीला घरी बसवू नका

मी, कोडूरी सुगुणा, राजेशमची बायको, वय सव्वीस, आठवी पास, राहणार आर्मूर. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्या हृदयाला भोक आहे आणि सोमवारी पोट चिरून बाळ काढणार आहेत. डॉक्टरीणबाई "घाबरू नको" म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता म्हणाल्या. म्हणून शुद्धीत आहे तोवर लिहिते. कुणी लिहायला लावलेलं नाही.

१. विड्या वळायचं सूप आणि पानं कापायची कात्री माझ्या बहिणीला, लावण्याला. कात्री कुणाला उसनी देऊ नकोस, बोथट होऊन येते.

२. कानातले मन्विताला. चार वर्षांची आहे, आत्ताच हट्ट करील, देऊ नका. पोटातल्याला माझी लाल गोधडी.

३. फोन माझ्या नणंदेला, स्रवंतीला. तिला जन्मापासून दिसत नाही, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विड्या वळता वळता मी तिची पुस्तकं मोठ्यानं वाचून फोनमध्ये भरलीत. मध्येच मन्विता रडते, मी "दूध उतू चाललंय" म्हणून ओरडते. ते पुसू नका. स्रवंती म्हणते, "वहिनी, तुझ्या दुधामुळंच मला उत्तर आठवतं." तीन धडे राहिलेत, ते शेजारची शाहेदा वाचणार आहे.

४. परीक्षेत ती सांगते, मी लिहिते. लिहिणारीचं शिक्षण तिच्यापेक्षा कमी हवं, असा नियम आहे. पहिल्या वर्षी राजेशमनं मोठ्या ऐटीत डिग्रीवाला मित्र नेला, त्याला दारातूनच परत पाठवलं. मग मी माझा आठवीचा दाखला दाखवला. क्लार्क म्हणाला, "हा चालतो." त्या कागदाला असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं. मी नसले तर लिहायला राजेशमनं बसावं. तो दहावी नापास आहे, आता लपवू नये. अक्षर मोठं काढावं, पदरचं काही घालू नये.

५. अपंगांची शिष्यवृत्ती येते ती तिच्या पुस्तकांची आणि रिक्षाची. गेल्या साली आपण ती छपराच्या पत्र्यांना घातली. मीही गप्प बसले. स्रवंती, माफ कर गं.

६. खरं सांगायचं ते हे. पेपर पंधरा दिवसांवर आलेत. सासूबाई परवा म्हणाल्या, "पोरीला दिसत नाही, पण पाळणा हलवता येतो." मी गेले तर माझ्या लेकरांसाठी तिला घरी बसवू नका. ती जीव टाकते त्यांच्यावर, स्वतःच "राहते" म्हणेल. तिचं ऐकू नका. लेकरं रडली तर रडू देत. पुढं तिला बी.एड. करू द्या. लिहिताना मलाच रडू येतंय, पण खोडत नाही.

एवढं सगळ्यांना वाचून दाखवलं. स्रवंती म्हणाली, "फाडून टाक ते." सासूबाईंनी हातातली विडीची पानं सुपात टाकली. मग म्हणाल्या, "मेल्यावरचंच काय लिहितेस? जगलीस तर टाके ओले असताना दोन पोरं कोण बघणार, तुझा बाप? पेपर होईस्तोवर दोघंही माझ्याकडे. तू दवाखान्यातून ये नाहीतर नको येऊ. हे लिही, तरच अंगठा देते."

७. हे वरचं बोलणं सासूबाईंच्या सांगण्यावरून लिहिलं. फक्त "नको येऊ" म्हणताना त्यांनी माझा हात धरला होता, तेही लिहिते.

सही: सुगुणा

साक्षीदार:
शाहेदा बेगम (सही)
कोडूरी पोशव्वा, सासू (डावा अंगठा)

आर्मूर, शनिवार, ९ मार्च २०१९