मिठाला निळं म्हणणार नाही

सा देक, कालव्याकाठून

तीर्थरूप थोरल्या ताईस,

चौथ्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढतेस, की अजून शेजारच्या पोरांना दरडावून भाजी वर मागवतेस? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना? सायगॉनची हवा काही खरी नाही, जपून राहा. (या चौकशीमागे स्वार्थ आहे, तो शेवटी कळेल. तोवर प्रेम समज.)

पत्रास कारण असं की, मिठात मासळी मुरवून तिचा रस विकणाऱ्याचा मुलगा, ज्याच्या अंगणात आजही मिठाची पोती छपराला टेकलेली आहेत, असा तुझा हा सख्खा भाऊ सून बाळंतपणाला आल्यापासून अळणी पेज पितो आहे. मीठ संपलेलं नाही. ते बरणीत आहे, बरणी टेबलावर आहे, माझ्यापासून हातभर लांब. ते मागायला या घरात शब्द उरलेला नाही. (उठून स्वतः घ्यावं हे मला सुचलं नाही असं नाही. पण सासऱ्याने सुनेसमोर मिठासाठी आडवं व्हायचं, तर बाबांनी आपल्याला शिकवलं काय?)

बाबांचं नाव मीठ. कागदावर लिहिलेलं मेलेल्यांना ऐकू जात नाही म्हणून बिनधास्त लिहितो. थोरांचं नाव घ्यायचं नाही, म्हणून तोंडाने ते मी जन्मात काढलेलं नाही. नाव मीठ आणि धंदा मासळीचा, म्हणजे कामगारांची पंचाईत. शब्द निघाला की बाबांची चप्पल पायातून सुटायची. म्हणून कामगार 'पांढरं' म्हणू लागले, मग त्यांच्या बायका, मग उधारीवाले, मग किराणावाला. आज कालव्याच्या या काठावर मिठाला मीठ म्हणणारा माणूस नाही. किराणावाल्याच्या नातवाला परवा विचारलं, तर म्हणतो, "पांढरं असतं म्हणून पांढरं, काका. डोकं ठिकाणावर आहे ना?" टपरीवर आपला सातवाकाका रोज टेबलावर मूठ आपटून सांगतो की या मोबाइलवाल्या पोरांनी भाषा बुडवली, आणि त्याच दमात ओरडतो, "ए, माझ्या पेरूवर पांढरं टाक!" म्हणतात, पूर्वी कुठल्याशा राणीचं नाव फूल होतं, म्हणून अख्ख्या दक्षिणेने फुलाला दुसरा शब्द धरला. बाबांकडे राज्य नव्हतं, मासळीचे हौदच होते. पण दरारा कुठल्या राणीपेक्षा कमी नव्हता. शब्द पोरं मारत नाहीत, ताई. आपण म्हातारे त्यांना आदराने पुरतो आणि मग पोरांच्या नावाने रडतो.

असो. खाङची बायको थाम बाळंतपणाला इथे आली. पहिल्याच जेवणाला मी मोठ्या मायेने म्हणालो, "थाम, पांढरं दे." ती वाडग्यात बघत बसली. मला वाटलं, ऐकू आलं नसेल; म्हणून जोरात म्हणालो. नंतर आणखी जोरात. (तुझ्या वहिनीने टेबलाखालून लाथ मारली, ती मला सांत्वनाची वाटली.) पोरगी उठून अंगणात गेली. मग खाङ खाली मान घालून म्हणाला, "बाबा, तिच्या आजोबांचं नाव पांढरा होतं. तिला त्यांनीच वाढवलंय. आत्ता नववर्षाला गेले."

आता बघ. मीठ म्हणावं तर माझा बाप, पांढरं म्हणावं तर तिचा आजोबा. तुझ्या वहिनीने यावर तोड काढली: बरणी निळी आहे, तेव्हा "निळं सरकवा". बास! दोन दिवसांत घरभर निळं. सारात निळं कमी, कैरीला निळं लाव. शेजारीण उसनं निळं मागून गेली! मी जाहीर केलं की मेलो तरी मिठाला निळं म्हणणार नाही, आणि तेव्हापासून ही अळणी पेज.

पण खरी अडचण वेगळीच. नात महिन्याची व्हायला आली. महिना भरला की बाळ जपणाऱ्या बारा सुइणी-देवींसाठी खिरीच्या बारा वाट्या मांडायच्या, आणि पोरीला नाव नाही. सध्या तिला उंदरी म्हणतो. फोनवर तुला मी पहाट सुचवली, तू म्हणालीस, "ती आपली आजी! थोरांचं नाव पोरीला ठेवतात का?" कमळ म्हटलं, तर आत्या निघाली. शेवाळापर्यंत आलो तर तेही खापरपणजोबांनी आधीच अडवून ठेवलेलं. म्हणून तर आपण एकमेकांना चौथा, सातवा अशी हाक मारून मोकळे होतो. आकडा कुणाच्या बापाचा नसतो. मग मी विचारलं, आईचं नाव काय होतं, म्हणजे निदान तेवढं टाळता येईल. तू "तोंड धू आधी!" म्हणून फोन आपटलास.

ताई, आई गेली तेव्हा मी पाळण्यातून जेमतेम बाहेर आलो होतो. थडग्यावर कारकुनाने 'तिसरी' लिहून ठेवलंय. बाबांनी तिच्या नावाचा शब्द घरातून काढून टाकला, एवढं मला माहीत आहे. कुठला ते माहीत नाही. त्यामुळे हल्ली मला एका जागी बसवत नाही. पत्र लिहितानाच तीनदा उठलो. घरभर फिरतो आणि वस्तूंकडे संशयाने बघतो. जग ज्याला काजवा म्हणतं, त्याला आपण 'उडता दिवा' का म्हणतो? पतंगाला 'कागद' का? चिंचेला 'आंबट' का? यातल्या कशाच्या खाली आई आहे? तुझी वहिनी म्हणते, "बसा हो, पोरगी दचकते." कसा बसू?

बाकी सर्व ठीक. हौद धुतले, मासळी बरी आहे. गोळी चुकवू नकोस.

तुझा,
चौथा

ता. क. वर खोटं लिहिलं. नाव टाळायला नको आहे, ठेवायला हवं आहे. काल मला फिरताना बघून थाम म्हणाली, "बाबा, माझ्या आजोबांचं नाव तुम्ही ओरडून ओरडून घेतलंत. मी मेले का? तुमच्या आईचं घेऊन कोण मरणार आहे? तेच ठेवा की." सातवाकाका म्हणेल, नातीवर खेकसलास की आईवर खेकसल्यासारखं. म्हणू दे. या अंगणात कुणीतरी दिवसभर ते नाव ओरडू दे: पाय धू, शाळेला चल, जेवायला ये. तू गेलीस की तो शब्दही जाणार, म्हणून गुडघे विचारले. तोंडाने नको सांगूस. कागदावर लिही, मेलेल्यांना ऐकू जात नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच पेज आली. मी म्हणालो, "थाम, जरा ते निळं दे." तिने बरणी सरकवली, झाकणही काढून दिलं. "आजोबाही वरून घालून घ्यायचे," एवढंच म्हणाली. मला काही दिसेना, चिमूट जरा मोठीच पडली. पेज खारट झाली. सगळी संपवली.