गट नंबर चोवीस

अण्णा, तुमची पत्र्याची पेटी मी काल उघडली. कुलूप आईनंच काढून दिलं आणि वर म्हणाली, "कागदं इस्कटू नको, त्येंला राग येतो." तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण आई अजून तुमच्या रागाला जपूनच असते. पेटी उघडली ती काही जमिनीच्या कामासाठी नव्हे. लेकीनं मोबाइलवर आपला तो जुना टीव्ही गेम शोधून दिला. तोच मशालवाला माणूस, तोच गड. आठवडाभर खेळतेय आणि सातव्या खोलीपुढं वाट सापडत नाही. धाराशिवच्या शाळेत पोरांना भूगोल शिकवणारी बाई त्या गडात रोज हरवते. म्हणून तुमचा नकाशा हवा होता.

चौथीच्या स्कॉलरशिपला माझा नंबर लागला तेव्हा तुम्ही सोलापूरहून तो खोका आणला होता. एक पिवळी कॅसेट, दोन रिमोट. कळंबच्या भाड्याच्या खोलीत आपण जमिनीवर मांडी घालून बसलोय, कॅसेटमध्ये फुंकर मारून ती बसवतोय, आणि आई पलीकडं ज्वारी निवडत तोंडानं च्च च्च करतेय. माणूस पडद्याच्या कडेला गेला की पुढची खोली यायची. कुठं किल्ली, कुठं खड्डा, कुठं वटवाघळं. तीनदा मेलं की परत पहिल्यापासून. खेळ अर्धा ठेवून उद्या पुढं न्यायची सोयच नव्हती. त्यात आपल्याकडं रविवारी लाइट यायची अकराला आणि जायची तीनला, म्हणजे अख्खा गड चार तासांत. तुम्हाला तर पहिला खड्डासुद्धा कधी ओलांडता आला नाही. उडीच्या वेळी तुम्ही रिमोटसकट स्वतःच वर उचलले जायचात आणि माणूस खड्ड्यात. शेवटी रिमोट माझ्याकडं देऊन म्हणालात, "तू चाल, म्या मोजतो."

आणि खरंच मोजलंत. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस तुम्ही, तुम्हाला साधी चित्रं काढता येत नव्हतीच. प्रत्येक खोलीला गट नंबर दिलात, प्रत्येकीची चतुःसीमा लिहिलीत. गट नंबर सात: पश्चिमेस गट सहा, दक्षिणेस खड्डा, उत्तरेस वटवाघळं, पूर्वेस भिंत. पडद्याची उजवी बाजू म्हणजे पूर्व, हे तुम्हीच ठरवून टाकलं होतं. नवीन खोली सापडली की तिच्याखाली 'पाहणीवेळी हजर' असं लिहून तुम्ही सही करायचात, मग पेन माझ्या हातात. शेताच्या मोजणीला लगतदारांच्या सह्या लागतात, म्हणजे शेजारच्या शेतवाल्यांच्या, तशा इथं आपल्या दोघांच्या. एकदा मी म्हणाले होते, त्या भिंतीत दार असणारच, काढून ठेवा. तुम्ही पेन्सिल खाली ठेवली. "बघितलं न्हाय ते काढायचं न्हाय. अशा एका रेघेवर दोन सख्खे भाऊ डोकी फोडतेल." दहा वर्षांच्या पोरीला एवढं कशाला सुनावायचं, असं आई म्हणाली. मला मात्र लई अपमान वाटला होता, आणि ते बोलणं मी अजून विसरलेले नाही.

तेवीस गट झाले. चोविसावा राहिला, गडाच्या राजाचा. तो दोघांनी मिळून बघायचा असं ठरलं होतं. त्या शनिवारी तुम्ही मोजणीला सोनारीला मुक्कामी गेलात. "उद्या बाराच्या आत येतो, तवर चोविसात पाय टाकू नको," असं सांगून गेलात. रविवारी मी साडेबारापर्यंत दाराकडं बघत होते. मग रागानं खेळ लावला. चोविसाव्या दारापाशी पोचले, थांबले, घड्याळ बघितलं. अडीच झाले होते. आणि गेले आत. तीन खांब, मधे विहीर, दगडी आसन. राजा पडला तेव्हा डावीकडचा खांब मधूनच मोडला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

तुम्ही चारला आलात. गाडी पंक्चर झाली म्हणालात. आईनं विचारलं, "पिशवी कवा ठिवली ओट्यावर? म्या मघाच बघितली." तुम्ही तांब्या तोंडाला लावला आणि मला विचारलं, "लागला का शेवटचा गट?" मी म्हणाले, "न्हाय अण्णा. तेविसातच लाइट गेली." तुम्ही "बरं" म्हणालात. पुढच्या रविवारी खोका चालूच झाला नाही, अडॅप्टर जळाला होता. तुम्हीही नवा आणला नाहीत आणि मीही हट्ट केला नाही. आईला याचं फार नवल वाटलं होतं.

नंतर किती वेळा विचारलंत तुम्ही. दहावीचा निकाल लागला तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, सासरी जाताना गाडीच्या खिडकीशी वाकून. "एक हद्द राह्यली बघ आपली." दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातसुद्धा विचारलंत. दर वेळी हसायचात. मला वाटायचं, बिचाऱ्यांना शेवटची खोली बघायला मिळाली नाही याची रुखरुख आहे. मी म्हणायचे, "व्हय अण्णा, राह्यलीच ती." आता लिहितानाही कान गरम होतात.

नकाशा पेटीत तळाला होता, घड्यांवर पिवळा पडलेला. सातव्या गटाची वाट सापडली. किल्ली पाचातच राहिली होती, मी वेडी भिंत ठोकत बसले होते. मग घडी पूर्ण उलगडली. चोविसावा गट कोरा असायला हवा होता. तो भरलेला आहे, अण्णा. तीन खांब, मधे विहीर, दगडी आसन. डावीकडचा खांब मधून मोडलेला. न बघता तुम्ही रेघ ओढली नसती, आणि पहिला खड्डा तुम्हाला ओलांडता येत नव्हता. माझ्या पाठीमागं दारात उभे होतात तुम्ही. पिशवी ओट्यावर ठेवून, चपला हातात घेऊन, मला कळू न देता. मग तास-दीड तास कुठं जाऊन बसलात? खाली 'पाहणीवेळी हजर' लिहिलंय, तुमची सही आहे आणि शेजारी माझ्या सहीपुरती जागा सोडलीय. एवढी वर्षं तुम्ही हसत हसत तीच सही मागत होतात, आणि मी तुमची कीव करत होते.

हे पत्र नकाशाच्या घडीत घालून पेटीत ठेवतेय. आईला दाखवणार नाही. सही केलीय. त्या दिवशी लाइट तीनलाच गेली होती, अण्णा. मी हजर होते.