तहानेचा उद्गार

पप्पा,

यंदा उत्तम शुक्रवारी तहानेच्या उद्गारावर मी बोलले. तुमच्या जागेवर उभी राहून, तुमचाच स्टीलचा पेला समोर ठेवून. तुम्ही असतात तर नुसतं "तू? बरं," म्हणाला असतात आणि चष्मा पुसायला घेतला असतात. तुमचं कौतुक कायम चष्म्याच्या काचांनाच मिळायचं, आमच्यापर्यंत पोचायचं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मंडळीतल्या निम्म्या लोकांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही. तरी दुपारी बारा ते तीनच्या त्या उपासनेत, वधस्तंभावरच्या प्रभूच्या सात उद्गारांवर सात माणसं बोलतात, तेव्हा पाचव्याला, "मला तहान लागली आहे" याला, जुनी माणसं अजून तुमचाच उद्गार म्हणतात. बाकीचे सहा दरवर्षी या हातातून त्या हातात जायचे, तहानेचा मात्र कधी कोणी तुमच्याकडे मागितला नाही.

उपवासकाळ लागला की चर्चच्या आवारातला कडुनिंब अजूनही तसाच मोहरतो. सकाळी झाडलेलं आवार प्रार्थनेच्या वेळेपर्यंत पुन्हा पिवळट होतं. बुधवारच्या घरोघरच्या प्रार्थना चालू आहेत, फक्त घरं लांब गेली. पूर्वी दोघांनी दोन बाजूंनी पेटी धरून या गल्लीतून त्या गल्लीत चालत जायचो. आता कोणी कर्वेनगरला, कोणी हडपसरला, मी विश्रांतवाडीला. एका बुधवारी आमच्याकडे प्रार्थना होती, तर सोसायटीच्या वॉचमननं पेटी बघून विचारलं, "मॅडम, भजन आहे का?" मी म्हटलं, हो, भजनच आहे. खोटं काय त्यात? प्रभू गाढवावर बसून यरुशलेमेत आला त्याची, झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक ट्रॅफिकमुळे रस्त्यावरून निघत नाही. आवारातल्या आवारातच फेऱ्या मारतो. पोरं शिंदीच्या झावळ्यांनी एकमेकांच्या मानेला गुदगुल्या करतात, म्हातारी माणसं दुसऱ्या फेरीला बाकावर बसून घेतात, आणि होसान्ना म्हणणारे आवाज दरवर्षी थोडे कमी भरतात. तुम्ही म्हणाला असतात, प्रभूच्या गाढवाला निदान पार्किंग तरी मिळालं. असलं काही बोलणारं आता मंडळीत कोणी राहिलेलं नाही, आणि मला त्याची फार उणीव भासते.

मला बुधवार पेठेतलं तुमचं दुकान आठवतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा ती. रेडिओ, टेप, लग्नाच्या मांडवातले कर्णे, आणि या सगळ्यांच्या मध्ये वाकलेले तुम्ही. शाळा सुटली की मी थेट तिथे यायचे आणि स्टुलावर बसून डबा खायचे. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही चर्चचा अ‍ॅम्प्लिफायर तिथे आणून पार उघडून ठेवायचात. गिऱ्हाइकांना सांगायचात, "तुमचा टेप सोमवारी. या आठवड्यात वरचं काम आहे." गिऱ्हाईक वर जिन्याकडे बघायचं. एवढं सगळं करून शुक्रवारी पाचव्या उद्गाराला उभे राहिलात की पहिलं काम काय, तर माईक बंद करायचा. मी एकदा वैतागून विचारलं होतं, "मग आठवडाभर दुरुस्त कशाला करता?" तुम्ही तारेचं टोक खरवडत म्हणालात, "तहानलेल्या माणसाला ओरडता येतं का? ज्याला ऐकायचंय त्यानं पुढं वाकावं." आणि लोक वाकायचे. तुम्ही बोलायला लागलात की सगळे बाक एकदम करकरायचे. तो आवाज आला की मला तुमचा फार अभिमान वाटायचा.

त्या दिवशी सकाळपासून तुम्ही पाणी प्यायचा नाहीत. आम्हाला कधी तसं करा म्हणाला नाहीत, मम्मीलाही नाही. भरलेला पेला उपदेशपीठावर समोर असायचा आणि तुम्ही त्याच्याकडे बघतसुद्धा नसायचात. तीन वाजता उपासना संपली की कडुनिंबाखाली माठ. नवा माठ, आदल्या दिवशी तुम्हीच धुऊन भरलेला, आत वाळ्याची जुडी. आधी म्हाताऱ्यांना, मग बायकांना, मग पोरांना, सगळ्यांना तुम्ही स्वतः पाणी द्यायचात, आणि सगळ्यात शेवटी उपदेशपीठावरचा तो पेला आणून उभ्यानं प्यायचात. तोवर ते पाणी गरम झालेलं असायचं. एका वर्षी मीही सकाळपासून प्यायले नव्हते आणि आवारात मैत्रिणींना ते रंगवून सांगत होते. तुम्ही मागून ऐकलंत. उपासना सुरू व्हायच्या आत, सगळ्यांच्या देखत, पेला भरून माझ्या हातात दिलात. "पी. पूर्ण." मी रडत रडत प्यायले. "तहान मिरवायची नसते," एवढं बोलून तुम्ही आत गेलात. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही, किंवा आलं असेल.

तुमच्यानंतर पाचवा उद्गार कोणी ना कोणी करत गेलं. बहुतेक वेळा पाळकच करायचे. मी तो एकदाही ऐकला नाही. चौथा संपून गीत सुरू झालं की मी हळूच उठून बाहेर यायचे. लोकांना वाटायचं, पाण्याचं बघायला गेली, बापाचं काम लेक करते. मी माठाच्या ओल्या पोटाला दोन्ही तळवे लावून उभी राहायचे, आतून सहाव्याचं गीत ऐकू येईपर्यंत. आता शेजारी पाण्याचे जार आले आहेत. मंडळीच्या पंचांपैकी एक जण म्हणाले, माठ कशाला हवा, कोण धुणार. मी म्हटलं, मी धुणार. तेव्हापासून दोन्ही असतं, आणि लोक माठाचंच पितात.

का ऐकवत नव्हतं ते तुम्हाला सांगायला नको. तुमचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि पाण्याचा थेंब द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. दिवसभरात तुम्ही एकदाच मागितलंत. परक्याच्या घरी मागावं तसं, "पाणी मिळेल का?" नर्सनं ओला कापूस दिला, ओठांना लावा म्हणाली. मी लावला. तुम्ही तो चोखलात, जरा विचार केलात, आणि म्हणालात, "आंब तरी नाही." वधस्तंभावरच्या प्रभूनं तहान सांगितली तर लोकांनी आंबेत, आंबलेल्या द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज त्याच्या तोंडाला लावला, हे त्या बिचाऱ्या नर्सला काय माहीत. "काय म्हणतायत?" तिनं विचारलं, आणि मी तोंडात ओढणी कोंबून हसत सुटले. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. खूश होतात. मी तुम्हाला ओळखते, विनोद जमला की तुम्ही असेच डोळे मिटायचात.

यंदा पाळकसाहेब नवीन आहेत, माझ्या मुलापेक्षाही लहान. झावळ्यांच्या रविवारी चहाच्या वेळी मला म्हणाले, "आंटी, पाचवा तुम्ही घ्या ना. नाहीतर यंदा सातचे पाचच करावे म्हणतोय. लोकांना तीन तास बसवत नाही हो. लाँग वीकेंडला अर्धी मंडळी महाबळेश्वरला."

"मग गाळणार कोणते?"

"ज्यांना माणूस मिळणार नाही ते."

मी सरळ नाही म्हटलं. मला बोलता येत नाही, गुडघे दुखतात, काय वाट्टेल ते सांगितलं. घरी जाताना बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. हे तहान गाळणार. बाकी सगळं ठेवतील, क्षमेचा उद्गार ठेवतील, आईला शिष्याच्या हाती सोपवण्याचा ठेवतील, आणि तहान गाळतील, कारण तिला माणूस नाही. स्टॉपवर उतरले आणि तिथूनच फोन केला, "मी करते. गाळू नका."

शुक्रवारी चौथा संपला, गीत सुरू झालं, आणि सवयीनं माझे पाय दाराकडे निघाले. दारापर्यंत जाऊन परत फिरले. पेला ठेवला. माईक बंद करायला बटण शोधलं तर नव्या माईकला बटणच नाही, म्हणून सरळ त्याच्यापासून बाजूला होऊन उभी राहिले. बाक करकरले, पप्पा. तसेच. आठवडाभर जे तयार केलं होतं ते त्या आवाजासरशी पुसून गेलं. घसा कोरडा, समोर पाणी, आणि प्यायचं नाही. मग मी कापसाची गोष्ट सांगितली. "आंब तरी नाही" म्हटलं आणि पुढच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं, मग शेजारचं, मग सगळं चर्च. काळ्या कापडानं झाकलेल्या क्रुसासमोर, उत्तम शुक्रवारी, माणसं हसत होती आणि डोळे पुसत होती. पाळकसाहेबांनी मान खाली घातली, त्यांचेही खांदे हलत होते.

मग हसू ओसरलं आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले. पुढे काय, म्हणून. पहिल्या बाकावर मावशी होत्या, मला संडे स्कूलमध्ये शिकवायच्या त्या, तुमच्या माठाचा पहिला पेला दरवर्षी ज्यांना मिळायचा त्या. नजर काढत नव्हत्या. मी म्हटलं, "संध्याकाळी डॉक्टरांनी परवानगी दिली. मी पाणी दिलं. पप्पा पेलाभर प्यायले, पेला माझ्या हातात परत दिला, आणि शांत झोपले. पहाटे गेले." आणि खाली उतरले.

तीन वाजता माठाशी पाणी देत होते, तेव्हा मावशींनी माझं मनगट धरलं. हात अगदी काडीसारखा झालाय त्यांचा.

"बरं झालं गं बाई सांगितलंस. इतकी वर्षं मनाला लागून राहिलं होतं. सगळ्यांना पाणी पाजणारा माणूस, आणि तहानलेला गेला की काय म्हणून. आम्ही बायका बोलायचो आपापसात. पण प्यायले ना?"

"प्यायले, मावशी."

"पोटभर?"

"पोटभर."

मग त्यांनी पेला तोंडाला लावला.

परवानगी आली होती, एवढं खरं होतं. घोट घोट द्या म्हणाले होते. मी पाणी घेऊन आले तर तुमचा डोळा लागला होता. तोंड जरासं उघडं, ओठ पांढरे पडलेले. नर्स म्हणाली, किती दिवसांनी झोपलेत, उठवू नका, सकाळी द्या. मलाही ते पटलं. पेल्यावर ताटली झाकून उशाशी ठेवला. तुम्ही उठलाच नाहीत. हृदय थांबलं, झोपेतच गेले, काही कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. त्यात कोणाची चूक नव्हती, तेव्हाही मला ते कळत होतं आणि आजही कळतं. पण पेला सकाळी होता तसा भरलेला होता आणि तो मोरीत ओतताना मी जशी रडले तशी तुम्हाला मातीत ठेवतानाही रडले नाही.

काल ईस्टरला पहाटे सगळे दफनभूमीत गेलो. गार होतं. सूर्य वर येईपर्यंत गाणी म्हटली, तुमच्या आणि मम्मीच्या कबरीवर चाफा ठेवला. प्रभू उठला म्हणून लोक एकमेकांना सलाम करत होते, मावशींनी लांबून हात वर केला, चेहरा कसा उजळलेला. त्यांना खरं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण त्या नव्वदीला टेकल्यात, पप्पा. त्यांना तहानलेलं घरी पाठवायचं नाही मला. हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवायचीही सोय नाही, तिथे त्याही फुलं घेऊन येतात आणि त्यांना सगळं वाचायची सवय आहे. तेव्हा हे माझ्याकडेच राहील.

उपदेशपीठावरचा पेला सगळ्यात शेवटी बोलणाऱ्यानं प्यायचा, तुमची रीत. मला नाही प्यायला झालं. रिक्षात तळव्यानं झाकून तो तसाच घरी आणला, येरवड्याच्या वळणावर थोडं साडीवर सांडलं. आज सोमवार, पेला ओट्यावर आहे. सकाळी हे म्हणाले, "शिळं पाणी आहे, ओतून टाकू का?" मी म्हटलं, राहू दे. तहान मिरवायची नसते, माहीत आहे मला. मी मिरवत नाहीये. चर्चमध्ये सगळ्यांच्या देखत तुम्हाला पोटभर पाणी पाजून आले, आणि घरी मात्र तुमचा पेला अजून ताटलीखाली झाकून ठेवलाय, तुम्ही उठून मागाल म्हणून.