लिंबापर्यंतचे आठशे मीटर

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पळाले नाही. ताप नाही, पाय मोडला नाही. अण्णांनी रस्ता बंद केला, बाप आहेत ना.

काल फटफटीवरून दोन टवाळ पोरं मागं लागलती. मोबाईल धरून शूटिंग घेत, पार कॅनॉलच्या पुलापर्यंत. मी दगड उचलला तेव्हा सुटली. हे घरी मीच सांगितलं. माझीच जीभ जळो! त्या पोरांना शोधायला कुणी गेलं नाही. कोंडलं कुणाला, तर मला. चोर सोडून संन्याशाला सुळी.

अण्णा: "पोलीस व्हायचं तर व्हय. पण रस्त्यानं पळायचं न्हाई."

मग काय पत्र्यावर पळू?

४ नोव्हें.

पुण्यावरून दादाचा फोन. माझी भाऊबीजेची ओवाळणी राहिलीय त्याच्याकडं. दोनातलं एक सांग म्हणाला. एक, हातातलं घड्याळ. किती पळालो, किती वेळात, काळजाचे ठोके, सगळं दाखवतं. त्याचं स्वतःचं दिवाळीत इथं ठेवून गेलाय, "आठ दिवस वापरून बघ" म्हणून. दोन, भिंतीवरचं मशीन. स्मार्ट होम जिम. आरशाएवढा पडदा, त्यात एक मॅडम उभी राहून शिकवणार. बाजूच्या दोऱ्या आपण ओढायच्या, चुकलं की ती टोकणार.

आमच्याकडं सकाळी लाइट नसते. नेटला रेंज पाहिजे तर गच्चीवर चढावं लागतं. मॅडम येणार कुठून, धुराड्यातून?

अण्णा स्पीकरवर ऐकत होते. लगेच म्हणाले, "मशीन पाठव. घरातल्या घरात. कुणाची नजर न्हाई, कुणाचं बोलणं न्हाई."

ओवाळलं मी, निवडणार अण्णा. दादानं रविवारपर्यंत वेळ दिलाय.

६ नोव्हें., गुरुवार

भरतीची मैदानी चाचणी, म्हणजे आम्हा मुलींचं आठशे मीटर पळणं, कधी लागेल ते सांगता येत नाही. महिना, नाहीतर दीड. आणि मी ओसरीत दोरीवरच्या उड्या मारतेय. दादाला विचारलं, तुझ्या मशीनवर आठशे मीटर पळता येतं का? "अगं, स्टॅमिना वाढतो." स्टॅमिना! खुर्चीत बसून शिकवतोय मला.

आईनं डाव टाकला. "हिला कापूस येचायला नेते," म्हणाली आणि सहालाच बाहेर काढलं. पाटी तिच्या डोक्यावर, बूट माझ्या ओढणीत गुंडाळलेले. ती बांधावर थांबली, मी दादाचं घड्याळ लावून पळाले. शाळेच्या गेटापासून लिंबाच्या झाडापर्यंत. गावात भरती करणारी सगळी पोरंपोरी इथंच पळतात. चार वर्षांपूर्वी अण्णांनी मोजून लिंबाखालच्या दगडावर चुन्याची खूण केली. ते आमचे आठशे.

घड्याळ म्हणालं ०.७२ किलोमीटर, पाहिजे ०.८०. नीट चालू झालं नसेल. परत पळाले. ०.७२.

७ नोव्हें.

आज तीन वेळा. ०.७२, ०.७१, ०.७२. 

दुपारी जेवताना अण्णांना सांगितलं.

"घड्याळ खोटं हाय. म्या फटफटीच्या मीटरवर मोजलंय."

कसं मोजलं विचारलं तर खुलून सांगायला लागले. मीटरचा शेवटचा लाल आकडा शंभर मीटरला एकदा फिरतो. गेटापासून निघायचं, आकडा आठ वेळा फिरला की थांबायचं. झाले आठशे.

म्हटलं, अण्णा, गेटाशी उभे होतात तेव्हा आकडा नुकता फिरलेला होता की फिरायच्या बेतात होता?

"ते कोन बघतं गं!"

बोंबला. पहिले शंभर गेटाशीच निम्म्याहून जास्त सरलेले, आणि आम्ही चार वर्षं त्यावर पळतोय.

९ नोव्हें., रविवार

उज्वला, काकांची मुलगी. दिवाळीला आलेली अजून माहेरीच आहे. मागच्या भरतीला ती मैदानात दोन मार्कांनी राहिली. लिंबापर्यंतची तिची वेळ आम्हा सगळ्यांत भारी होती. शहरात मैदानावर गेली आणि मागं पडली. अण्णा पारावर सगळ्यांसमोर म्हणालते, "पोरीनं कच खाल्ली." चार महिन्यांत तिचं लग्न लावून टाकलं.

आज गवंड्याकडून तीस मीटरचा लोखंडी टेप मागून आणला. दोघींनीच मोजलं, गेटापासून. ती पुढं, मी मागं. चोवीस वेळा लावला. बरोबर सातशे वीस.

टेपचं टोक धरून उज्वला तिथंच रस्त्यावर बसली. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारतोय. म्हटलं, ऊठ.

"कोमे, मग मी घाबरले नव्हते?"

"न्हाई गं."

"मला वाटलं माझ्यातच..."

 ट्रॅक्टरवाला शिव्या देऊन बाजूनं गेला. इतका राग मला उभ्या जन्मात आला नव्हता. त्या टवाळांचासुद्धा नाही.

घरी येऊन दादाला फोन केला, मला घड्याळच पाहिजे. म्हणे, अण्णांनी कालच मशीन सांगितलं, ऑर्डर गेली.

वा रे ओवाळणी!

११ नोव्हें.

सांगितलं घरात. टेप समोर ठेवूनच.

"टेप ताणला असंल तुमी."

"लोखंडी टेप ताणतो व्हय अण्णा?"

"चार वर्सं गावातली पोरं पळत्यात तिथं. आता म्या काय दवंडी पिटू, चुकलं म्हणून? तोंड कुठं दाखवू?"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "चुकलं म्हणाया काय जीभ झडती का?"

अण्णा ताटावरून उठले. उठू देत. मला कोंडताना मी काय तोंड दाखवू हे कुणी विचारलं नाही. उज्वलाला तर नाहीच नाही.

१२ नोव्हें.

लिंबाच्या पुढं आणखी ऐंशी मीटर मोजले. टेप दोनदा पूर्ण, वर वीस. बरोबर पुलाच्या कठड्याशी येतं. तिथं चुन्यानं पट्टा ओढला आणि टेप गवंड्याला देऊन आले.

मग पळाले. आता कापसाचं निमित्तबिमित्त नाही, सरळ दारातून बूट घालून गेले. आई हातात वेळूची काठी घेऊन पुलावर उभी. फटफटीवालं एकपण फिरकलं नाही.

लिंबापाशी २:४७. पुलापाशी ३:०९. मी स्वतःला काय समजत होते! लिंब मागं पडला की पायच उचलत नाहीत. चार वर्षं त्यांना तिथंच थांबायची सवय. उज्वला हेच सांगत होती तेव्हा, "शेवटाला पाय ऐकंनात." आम्हीच तिचं ऐकलं नाही. मीपण.

दुपारच्या एसटीनं ती सासरी गेली. खिडकीतून म्हणाली, "तुझा निकाल लागला की आधी मला फोन कर. अण्णांच्या आधी."

१४ नोव्हें., शुक्रवार

पुलावरचा पट्टा पुसलेला. चिखल फासलाय वरून. आणि लिंबाखालच्या दगडावर ताजा चुना, दुरून डोळ्यात भरावा असा.

कुणी केलं ते विचारायची गरज नाही. चुन्याची बादली गावात काय घरोघर नसते. आमच्या न्हाणीमागं आहे.

रडले. रागानं. मग तीच बादली नेऊन पुलावर दुप्पट जाड पट्टा ओढला. पुसा किती पुसायचं ते.

१५ नोव्हें.

मशीन आलं. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. माणसाएवढं खोकं ओसरीत उभं आहे. निम्मं गाव बघून गेलं. अण्णा प्रत्येकाला सांगतायत, "कोमलला घरबसल्या शिकवनार हाय."

माणसं गेल्यावर मला म्हणाले, "उघडू का?"

"उज्वलाच्या सासरी जा. तिच्या मालकासमोर सांगा, मोजायला माझं चुकलं, पोरीनं कच खाल्ली नव्हती. मग उघडा. नाहीतर असंच राहू द्या, कपडे वाळत घालू त्याच्यावर."

कधी नाही ते मी इतकं बोलले.  वाटलं कानाखाली बसणार. नाही बसली.

खोक्याकडं बघत म्हणाले, "तिला लिंबापर्यंत किती वेळ लागायचा गं?"

सांगितलं. बोटांवर काहीतरी मोजत बसले. चहा निवून गेला तसाच.

दादाला घड्याळ परत पाठवायचंय. पाठवेन. वेळ घ्यायला फोनपण चालेल. पुलापर्यंत किती, ते आता मला माहीत आहे.

१६ नोव्हें., रविवार

स. पावणेसहा. नुकतं दिसायला लागलंय. खोकं बंदच आहे.

अण्णांची फटफटी दारात आहे, पण ते नाहीत, चपला नाहीत. न्हाणीमागं गेले तर चुन्याची बादलीपण नाही.

आईला विचारलं. "तांबडं फुटायच्या आधीच गेले. बोलले न्हाईत काई."

"लिंबाकडं का पुलाकडं?"

"मला काय इचारती? जा की पळत, अन् बघ."

बूट बांधतेय. ते कुठंही उभे असोत, मी लिंबापाशी थांबणार नाही.