लाकडाचा गोटा

माय, काल एक माणूस घरी येऊन गेला. सिरोंच्याकडच्या जंगलात सापडणारी, दगड झालेली झाडं जपून ठेवायला आता तिकडे सरकारी संग्रहालय झालं आहे, तिथला. बिचारा माझा जुना प्रबंध वाचून आला होता. "यातल्या पहिल्या नमुन्याचा उरलेला अर्धा भाग तुमच्याकडे आहे ना, मॅडम?" म्हणाला. मी त्याला चहा दिला, एक उत्तर दिलं आणि बसने पाठवून दिलं. तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस. तू असताना मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू ते शेजारच्या फॉरेस्ट गार्डाकडून वाचून घेतलं असतंस आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला पाठ झालं असतं.

तो उन्हाळा आठवतो का तुला? आपला जिल्हा चांद्यापासून नुकताच वेगळा झाला होता, पण बाबा अजून सवयीने चांदा जिल्हाच म्हणायचे. मी नागपूरला भूशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि पीएच.डी.साठी अर्ज केला होता. विषय आपल्याच भागातल्या या दगडी झाडांचा. विभागातले सर शिफारस करायला तयार होते, पण त्यांनी बजावलं होतं, "समितीपुढे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. ते विचारतील, ही मुलगी त्या जंगलात फिरणार कशी. कापल्यावर आतल्या पेशी दिसतील असा एक तुकडा टेबलावर ठेव, म्हणजे तोंडं बंद होतील." म्हणून मी घरी आले आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायकांच्या मागे मागे रान धुंडाळलं. मिळाले ते सगळे तुकडे पिचलेले, हातात भुगा होणारे. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी चुलीपुढे बसून रडले. अर्ज फेटाळला गेला असता तर बाबांनी गोंडपिपरीचा तो मास्तर पाहून ठेवलाच होता माझ्यासाठी. तू भाकर थापत होतीस. "रडून काऊन राह्यली? कसा गोटा पायजे तुले?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, जड, आणि ज्यात लाकडाच्या रेषा अजून दिसतात असा. तव्यावरची भाकर करपली, आणि तुझी भाकर करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

सकाळी उठले तर तू नाल्याकडून येत होतीस, डोक्यावर टोपली. टोपलीत तो. काळपट तपकिरी, एका बाजूला साल जशीच्या तशी, दुसऱ्या बाजूला रेषा इतक्या स्वच्छ की मी किंचाळलेच आनंदाने. त्याला खालून ओली माती लागलेली होती. मी लगेच पिशवीत घालायला निघाले तर तू हात धरलास. मोरीवर बसून तू तो राखेने घासलास, धुतलास, मग चुलीजवळ मांडीवर घेऊन पदराने पुसत बसलीस. बसची वेळ होत होती. मला वाटलं, लेकीच्या शिक्षणाचं कौतुक चाललंय. "कापतात का याले?" तू विचारलंस. मी म्हटलं, चकती काढावी लागते, पातळ, पापडासारखी. "सगळा नोको कापू. अर्धा वापस आनजो." मी हो म्हटलं. त्या वेळी तू काहीही मागितलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं.

समितीपुढे सगळं सरांनी सांगितलं तसंच झालं. एकाने विचारलंच, "बाई, जंगलात कोण फिरू देणार तुम्हाला?" मी गोटा टेबलावर ठेवला आणि काचेवर चिकटवलेली पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. एकेक जण वाकून पाहू लागला. पेशी अशा की झाड कालच तोडलंय. "कुठे सापडला हा?" मी म्हणाले, "आईने आणून दिला." सगळे हसले, मीही हसले. प्रवेश मिळाला. सरांनी पेढे वाटले आणि मी पेढ्याचा पुडा घेऊन दिवसभराच्या बसने तुझ्याकडे आले.

तू खीर केलीस. पहिली वाटी कुणालाच दिली नाहीस, ती पदराखाली घेऊन नाल्याकडे निघालीस, आणि मी विचारत विचारत तुझ्या मागे आले. करंजाच्या झाडाखाली गवत दाट होतं. मधोमध तेवढी एक बोडकी जागा, माती अजून दबलेली, त्या गोट्याच्या आकाराची. तू वाटी तिथे ठेवलीस. माझा भाऊ तापाने गेला तेव्हा मी लहान होते. नदीला पूर होता, वनखात्यातले बाबा रानातल्या बीटवर अडकलेले, आणि शेजारणींनी मला घरात कोंडून ठेवलं होतं. त्याला कुठे पुरलं हे मला कुणी दाखवलं नव्हतं. लेकराच्या जागेवर जड दगड ठेवायचा, जनावराने उकरू नये म्हणून, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. तरी मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

मी ओरडले, "काऊन देला तू?" तू माझ्यावरच डाफरलीस. "वरडू नोको. कोल्ह्यासाठी ठेवला होता तो. इतक्या वर्सानं आता का उकरन कोल्हा? मोठा झाला असता तं बहिनीले काही देलंच असतं ना त्यानं? हे त्यानं देलं समज." मग खिरीची वाटी नीट सरकवत हळूच म्हणालीस, "पन अर्धा आन बाई. जागा खाली दिसते तं मले झोप नाई येत."

मी गेल्या गेल्या मागितला गं. पण त्यावर विभागाचा क्रमांक पडला होता, तो कपाटात गेला होता, आणि काम पूर्ण होईपर्यंत नमुना बाहेर नेता येत नाही असा नियम होता. सरांपुढे खरं कारण माझ्या तोंडून निघेना. पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस. त्याच पावसाळ्यातल्या पुरात नाल्याने पात्र बदललं आणि करंजासकट ती जागा प्राणहिता नदीत गेली. सर निवृत्त होताना त्यांनी अर्धा गोटा माझ्या हातात ठेवला, आठवण म्हणून. मी तो घेऊन तिकडे गेले आणि वाळूत उभी राहिले. ठेवायचा कुठे?

माझा भुताखेतांवर विश्वास नाही, आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं. पण प्रयोगशाळेतली ती दगड कापायची करवत मला सुटत नाही. ती चालू झाली की आधी बारीक कण्हल्यासारखा आवाज येतो, मग पाणी लागलं की तो उंच चढतो. गोटा कापला त्या दिवशी मी तिच्यापुढे उभी राहून गाणं गुणगुणत होते. भर दुपारी, कुकरची शिट्टी निघायच्या आधी जी वाफ सुरू होते ना, तेवढ्यानेही मी गॅस बंद करते. भात अर्धा कच्चा राहतो आणि घरातले कुरकुरतात. कुणी विचारलं, तुम्हाला भाऊ आहे का, तर माझ्या तोंडून अजून "आहे" निघतं. वय विचारलं की मी विषय बदलते. गोट्याचं वय विचारा, कोटींत सांगेन.

त्या संग्रहालयाच्या पोराला मी सांगितलं, घर बदलताना तो हरवला. फार हळहळला बिचारा. काचेच्या पेटीत ठेवला असता त्यांनी, खाली पाटी लावून, लोक रांगेने पाहून गेले असते. ते काही वाईट नव्हतं. पण मी खोटं बोलले, माय. आज सकाळी मी तो गोटा, राख मिळाली नाही म्हणून, भांड्यांच्या पावडरनेच घासला, धुतला, पदराने पुसला. हे लिहिते आहे आणि तो माझ्या मांडीवर आहे.